सात मिनिटं पुढे

आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. बाहेरच्या खोलीतलं बरोबर. एकाच घरात दोन वेळा, मधे फक्त दाराची चौकट. पाहुणे गोंधळतात. आम्ही भावंडं मात्र घड्याळ वाचायला शिकलो तेव्हाच वजाबाकीही शिकलो. आतल्या घड्याळात पावणेआठ म्हणजे सात अडतीस, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

बाबांची लोकल ७.५८ ची होती. २००९ साली ते निवृत्त झाले. घड्याळ पुढेच राहिलं.

०

माणसांच्या अशा वेळेच्या सवयी मी एका वहीत टिपून ठेवते. नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, प्रवासात शेजारी बसलेल्या माणसांच्या. सुरुवातीला गंमत म्हणून टिपत होते. वही निम्मी भरली तेव्हा लक्षात आलं, की यातली एकही सवय त्या माणसाची एकट्याची नाही. प्रत्येकीच्या मागे दुसरं कोणीतरी उभं आहे. त्या वहीतली काही पानं इथे उतरवते आहे.

०

आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिचं त्यावाचून कधी अडलंही नाही. तांबडं फुटलं की ती उठायची. दिवस कासराभर वर आला की तिची झाडलोट, शेणकूर, धारा, सगळं उरकलेलं असायचं. कासरा म्हणजे बैलाला आवरायची दोरी. त्या दोरीइतका सूर्य डोंगरावर चढला, एवढं माप तिला पुरे होतं. पुढचा दिवस अंगणातल्या पायऱ्यांवर मोजला जायचा. ऊन तिसऱ्या पायरीवर आलं की भाकरी बांधून शेताकडे निघायचं.

एकदा पौषात गेले होते. ऊन दुसऱ्याच पायरीवर होतं आणि ती निघाली. मी म्हटलं, "आजी, अजून तिसरी पायरी कुठे आलीय?" ती म्हणाली, "थंडीत दुसरी. वैशाखात तिसरी. भूक तीच असती, ऊन सरकतं." सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे कलतो, हे मला भूगोलाच्या पुस्तकात पुढे दोन वर्षांनी भेटलं.

०

हीच आजी दूध आटवायला बसली की रामरक्षा म्हणायची. एक रामरक्षा झाली की दूध ढवळायचं, तीन झाल्या की उतरवायचं. तिची रामरक्षा आठ मिनिटांची होती. ती म्हणत असताना मी एकदा मोजली होती. आईच्या काळात रामरक्षा गेली आणि कुकर आला. वरणाला तीन शिट्ट्या, राजम्याला सहा. "दोन शिट्ट्यांत येते" असं आई फोनवर सांगायची आणि पलीकडच्या बाईला नेमकं कळायचं. मराठी स्वयंपाकघरात शिट्टी हे वेळेचं चांगलं रुळलेलं माप आहे. मला वाटतं, ते शब्दकोशात त्या अर्थानं नोंदवायला हवं.

०

"घटकाभर बस" असं आपण सहज म्हणतो. खरी घटका २४ मिनिटांची. अहोरात्रीच्या ६० घटका, एका घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटका मिळून एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. तळाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली. जुन्या लग्नांत मुहूर्त साधण्यासाठी एक माणूस त्या पात्रावर डोळा ठेवून बसलेला असे. मांडवभर गडबड, आणि हा एकटा पाण्याकडे बघत. "घटका भरली" हा वाक्प्रचार त्या पात्रापासून आला आणि पुढे मरणापर्यंत जाऊन पोचला.

तेव्हा कोणी घटकाभर बसायला सांगितलं, तर २४ मिनिटं बसावं. तेवढा वेळ त्यानं मनापासून मागितलेला असतो.

०

मुंबईच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात "मुंबई टाइम" यायचा. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि शहरानं ती सोडायला नकार दिला. महापालिकेनं १९५५ पर्यंत मुंबई टाइम जपला. जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात आगगाडीची वेळ वेगळी आणि गावाची वेगळी. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं घड्याळं आणखी एक तास पुढे नेली होती. तेव्हा भेट ठरवताना "कोणता टाइम?" हे विचारावंच लागत असणार.

माझ्या पणजोबांनी प्रमाणवेळ मानली, पण जेवायला ते मुंबई टाइमनंच बसत, असं घरात सांगतात. मला त्यात हट्ट दिसत नाही. मुंबईत सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो सरासरी बारा एकोणचाळीसला. त्यांची भूक सूर्याशी बांधलेली होती.

०

याच हिशोबातलं आणखी एक टिपण. एका अंशाला चार मिनिटं. गडचिरोलीचा सूर्य मुंबईच्या सूर्याआधी सुमारे अर्धा तास उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. राज्य एक, घड्याळ एक, शाळेची वेळ बहुधा तीच. डिसेंबरच्या संध्याकाळी मुंबईतली मुलं अजून मैदानात असतात, तेव्हा तिकडे दिवेलागण होऊन गेलेली असते. चंद्रपूरची माझी मैत्रीण मुंबईत पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी तिला वाटायचं की आज काहीतरी चुकलंय, दिवस संपतच नाहीये. आईला फोन करायची तिची वेळ दिवेलागणीची होती. आई तिकडे दिवा लावून वाट बघायची, आणि इकडे अजून ऊन.

०

नळाला पाणी येण्याची वेळ. आमच्या आत्याच्या गावात पाणी पहाटे येई, पण नेमकं कधी ते ठरलेलं नसे. आत्या रात्री नळ उघडा ठेवून खाली पितळी घागर लावायची, आणि घागरीत एक स्टीलचा पेला उलटा टाकायची. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुसाटते, मग पहिली धार पेल्यावर वाजते. तोच तिचा गजर. तिच्या खोलीतल्या गजराच्या घड्याळानं तिला कधी जाग आली नाही, पेल्याच्या आवाजानं ती ताडकन उठायची. उठून आधी शेजारच्या दोन दारांवर थाप मारायची आणि मगच स्वतःची घागर सरळ करायची.

आता तिच्याकडे टाकी आहे, मोटार आहे. पहाटे चारला ती अजून उठते. विचारलं तर म्हणते, "शेजारणीला उठवायचं असायचं ना."

मराठवाड्यात आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरांत आठवडाच वेगळा चालतो. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा घरांत कॅलेंडरवर पाण्याच्या तारखेभोवती गोल केलेला असतो. धुणं, पाहुणे, न्हाणं, सगळं त्या गोलाभोवती फिरतं. कोणाला बोलवायचं ते पाणी ठरवतं.

०

मुक्कामी एसटी. रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे परत तालुक्याला निघते, ती गाडी. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली; त्यानंतरच्या काळात गावागावांत मुक्कामी गाडी हेच घड्याळ झालं. गाडी आली की जेवणं. चालकानं पहाटे इंजिन सुरू करून तापवायला ठेवलं की कॉलेजची मुलं पांघरुणातून बाहेर.

कोकणातल्या एका गावात ऐकलेली गोष्ट. चालक आणि वाहक देवळाच्या पडवीत झोपायचे. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा नेम होता, गाडीचे दिवे वळणावर दिसले की चुलीवर भात टाकायचा. ते दोघे हातपाय धुऊन येईपर्यंत भात तयार. माणसं बदलत गेली, नेम चालू राहिला. रस्ता खचून गाडी बंद झाली, त्या पावसाळ्यातही आठ-दहा दिवस त्यांनी दोन माणसांचा भात जास्त टाकला.

०

सांगलीकडचा एक शेतकरी मित्र. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठ तास. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दोन वाजता उठून दारं धरायला जायचं. एका सरीचं पाणी भरलं की दार मोडून दुसऱ्या सरीला वळवायचं. हातात बॅटरी, पायात बूट, ध्यानात साप. त्याची बायको तो परत येईपर्यंत झोपत नाही. ती दर तासाला एकदा पडवीतला दिवा बंद करून लगेच लावते. शेतातून तो दिवा दिसतो. दिवा मिचकावला की हा आपली बॅटरी दोनदा घराकडे फिरवतो. मोबाइल दोघांकडे आहे. पण चिखलाच्या हातानं फोन काढवत नाही, आणि दिवा लांबून दिसतो.

वहीतलं हे माझं सगळ्यात आवडतं पान. रात्रीची वीज ही खरं म्हणजे गैरसोय आहे, जिवाला घोर आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. ती मिळेपर्यंत त्या पडवीतला दिवा दर तासाला मिचकावत राहील.

०

पुण्याचा मामा. सकाळी ६.५५ ला आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या लागल्या की त्याची दाढी सुरू व्हायची, आणि सात पाचला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की तो घड्याळाला किल्ली द्यायचा. घड्याळ एचएमटीचं, 'जनता'. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे कितीतरी घरांत दहावी पास झालेल्या मुलाच्या मनगटावर पहिलं घड्याळ एचएमटीचं चढलं. मामाला त्याच्या वडिलांनी दिलं होतं. देताना एकच सांगितलं होतं, किल्ली रोज एकाच वेळेला द्यायची आणि दाटलं की थांबायचं, ताणायचं नाही.

मामा त्र्याहत्तर वर्षांचा आहे. रेडिओ केव्हाच गेला. किल्ली सात पाचलाच. सकाळी त्या वेळेला फोन केला तर पलीकडून आधी बारीक करकर ऐकू येते, मग "बोल."

०

गिरणगावातले एक काका आमच्या इमारतीत राहायला आले. गिरणीत तीन पाळ्या. एका खोलीत दहा-बारा माणसं, तीही पाळीनं झोपायची; एक उठून कामावर गेला की त्याच वळकटीवर दुसरा. भोंगा झाला की लालबाग-परळची चूल पेटायची, रस्ता भरायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुष्कळांच्या आयुष्यातला भोंगा तिथेच थांबला.

काका अजून पहाटे उठून अंथरूण गुंडाळून भिंतीशी ठेवतात. घरात पलंग रिकामा आहे, त्यांच्या गादीवर कोणी येणार नाही. त्यांना कारण विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. "मागचा माणूस दमून येतो. त्याला अंथरूण पसरलेलं नको, स्वच्छ जागा हवी. आपलं आपण पसरल्यावर झोप चांगली लागते."

०

समोरच्या इमारतीतल्या आजींच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत, शेजारी शेजारी. एक आपलं. दुसरं न्यू जर्सीचं. तिथे त्यांची मुलगी असते. आपल्या उन्हाळ्यात तिकडची वेळ साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ बदलतं, आणि आजींच्या कॅलेंडरवर जानेवारीतच त्या दोन चौकोनांत 'काटा' असं लिहिलेलं असतं. मुलीनं कळवायच्या आत त्या स्टुलावर चढून काटा फिरवतात.

फोन त्या रोज करत नाहीत. "आता ती उठली असेल, आता डबे भरत असेल," एवढं त्या घड्याळाकडे बघून म्हणतात आणि कामाला लागतात.

इंग्लंडात कोणी असेल तर दुसऱ्या घड्याळाची गरज नाही, ही युक्ती त्यांनीच मला दाखवली. त्यांचा भाचा तिकडे आहे. हिवाळ्यात मनगटी घड्याळ उलटं धरायचं, बारा खाली आणि सहा वर. आपल्याकडे दुपारचे बारा असतील तर काटे साडेसहा दाखवतात, आणि लंडनला तेव्हा सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. साडेपाच तासांच्या फरकाची ही करामत.

०

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलायचं. गिरण्यांचा भोंगा माणसांना घराबाहेर बोलवायचा, हा घरात बोलावतो. या गावाचं मला मनापासून कौतुक आहे. भोंगा सगळ्यांसाठी एकदम होतो, म्हणून तो पाळता येतो. एकट्या घरानं ठरवलं असतं तर चार दिवसांत मोडलं असतं.

०

पंढरपूरच्या विठ्ठलाचा दिवस बांधलेला आहे. पहाटे काकडा, मग पूजा, नैवेद्य, पोशाख, धूपारती, रात्री शेजारती आणि विश्रांती. आषाढी-कार्तिकीला मात्र देवाचा पलंग काढतात. गर्दीला दर्शन मिळावं म्हणून चोवीस तास देव उभा. पाठीला आधाराला लोड देतात. काकडा नाही, शेजारती नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग रोजचा क्रम पुन्हा सुरू होतो.

नेम कशासाठी असतो आणि कधी मोडायचा, हे दोन्ही मला इथे नीट समजलं. माणसं दारात आली की नेम बाजूला ठेवायचा. माणसं गेली की थकलेल्याचे पाय आधी चोळायचे, नेम त्यानंतर.

०

गेल्या वर्षी बाबा गेले. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं आणि लक्षात आलं, स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद आहे. मी सेल बदलला. बदलताना फोनवर बघून बरोबर वेळ लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाचं आधण ठेवता ठेवता थांबली. "हे मागे पडलंय," म्हणाली. मी म्हटलं, "आई, आता बरोबर आहे." ती खाली बसली आणि मग तिनं सांगितलं.

१९८७ ची गोष्ट. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ चालती गाडी पकडताना पडले. जिवावरचं पायावर निभावलं. त्या रात्री सगळे झोपल्यावर आईनं स्टूल घेतलं आणि काटा पुढे सरकवला. पाच मिनिटं नाही केली, कारण पाच वजा करणं सोपं असतं. दहा नाही केली, कारण दहा लगेच लक्षात येतात. सात केली.

"बाबांना कळलं नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच सकाळी कळलं. बाहेरचं घड्याळ बरोबर होतं की. काही बोलले नाहीत. डबा घेतला आणि आतल्या घड्याळानं निघाले." थोड्या वेळानं म्हणाली, "बावीस वर्षं आतल्याच घड्याळानं निघाले. एकदाही धावत गाडी पकडली नाही."

मी स्टुलावर चढून घड्याळ पुन्हा सात मिनिटं पुढे केलं.

०

तुमच्या घरात एखादं घड्याळ पुढे असेल, कोणी ठरलेल्या वेळी कारण नसताना दारात जाऊन उभं राहत असेल, कोणी एकाच वाटीनं, एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून काही करत असेल, तर ते नीट करायला जाण्याआधी विचारा: हे कधीपासून, आणि कोणासाठी? आणि सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.